कडाप्पा, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? ओट्याच्या दगडाची गोष्ट

घराचं काम काढलं की एक वाद हमखास होतो. ओटा कशाचा करायचा? आई म्हणते ग्रॅनाइट, इंटिरियरवाला म्हणतो क्वार्ट्झ आणि आजी म्हणते, "आमचा कडाप्पा काय वाईट होता?" आज दुकानातला भाव सांगत नाही, या दगडांची गोष्ट सांगतो. ती ऐकली की निवडणं सोपं जाईल.

सुरुवात जमिनीवरून करू. कारण पूर्वी स्वयंपाक बसूनच व्हायचा. चूल खाली, पाट खाली, विळी खाली. दगड होता, पण तो पाटा-वरवंट्याचा आणि जात्याचा. तो आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. पाथरवट तो घडवायचे आणि गुळगुळीत झाला की पुन्हा टाकी लावून द्यायचे.

मग शहरात चाळी आल्या, फ्लॅट आले, स्टोव्ह आणि गॅस आला. बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली. आता तिला कंबरेच्या उंचीवर एक लांब, सपाट दगड हवा होता.

इथे एक गंमत आहे. महाराष्ट्रात जिकडे बघाल तिकडे काळा दगड. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय. मग ओट्याला तो का नाही लागला? कारण बेसाल्ट हा थिजलेला लाव्हा. त्याचे थर सुटत नाहीत, पातळ लादी सहज निघत नाही. चुनखडीचा दगड मात्र प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. छिन्नी-पहार घातली की लादी सुटते. असा दगड सापडतो आंध्रातल्या कडप्पा भागात आणि कर्नाटकातल्या शहाबादेत.

आता नकाशा उघडा. मुंबई-मद्रास रेल्वे १८७१ साली रायचूरला जोडली गेली. त्याच मार्गावर सोलापूरच्या पुढे शहाबाद लागतं आणि रायचूरच्या पुढे कडप्पा. गावांची नावं दगडांना चिकटली. म्हणून आपल्याकडे जमिनीला 'शहाबादी' आणि ओट्याला 'कडाप्पा'. जड माल लांब न्यायचा तर वाहतूक स्वस्त हवी, आणि ती रेल्वेने दिली.

कडाप्पा स्वस्त, मजबूत, गरम पातेलं थेट ठेवलं तरी चालतं. दोष एकच. चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, आमसूल सांडून राहिलं की तिथली चकाकी जाते. संगमरवराचंही तेच, कारण तोही मूळचा चुनखडीच.

ग्रॅनाइटला आंबटाचं काही होत नाही. पण तो इतका कठीण की हिऱ्याची पाती लावलेली यंत्रं आल्यावरच तो घराघरात परवडायला लागला. दक्षिणेतल्या खाणींतून तो आला आणि कडाप्पा ओट्यावरून खाली उतरून कपाटाच्या फळ्यांवर गेला.

आणि क्वार्ट्झ? हा खाणीतून लादी होऊन निघतच नाही. इटलीतली ब्रेटन कंपनी १९६३ साली सुरू झाली आणि तिने हे तंत्र जगभर नेलं. दगडाचा चुरा, थोडं रेझिन आणि रंग एकत्र करायचे, हवा काढून घेत दाबायचे आणि भाजायचे. डाग कमी पडतात, रंग हवा तो मिळतो. पण रेझिनमुळे तापलेली कढई थेट ठेवायची नाही, डाग पडतो.

खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. नेहमीच्या क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांहून जास्त स्फटिकरूप सिलिका असते. ग्रॅनाइटमध्ये ती निम्म्याहूनही कमी, चुनखडीत आणखी कमी. तुमच्या घरात बसवलेला ओटा काही करत नाही. पण सिंकसाठी भोक पाडताना, कडा घासताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे कामगार याच आजाराने गेले. आणि ऑस्ट्रेलियात क्वार्ट्झ कापणारे तरुण कारागीर आजारी पडू लागले, तेव्हा तिथल्या सरकारांनी १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगड बनवणं, विकणं, बसवणं बंद केलं.

आपल्याकडे काय चित्र दिसतं? बिल्डिंगच्या जिन्यात एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून कोरडं कटर चालवतोय आणि आपण धूळ नको म्हणून आपलं दार लावून घेतोय. रुमालाने ती धूळ अडत नाही.

तर निवडा कसं? नमुन्याचा तुकडा घरी आणा, रात्रभर त्यावर लिंबाची फोड ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो चुनखडीचा किंवा संगमरवराचा. रोज तापलेली भांडी ठेवत असाल तर ग्रॅनाइट घ्या. पैसे कमी असतील तर कडाप्प्याला नाक मुरडू नका, फक्त आंबट सांडलं की लगेच पुसा. आणि दगड कुठलाही घ्या, ठरवतानाच दुकानदाराला सांगा: माप आधी घ्या, कापणं-घासणं कारखान्यातच पाणी सोडून करा. थोडे पैसे जास्त मागेल. द्या. आपला ओटा तीस वर्षं टिकावा असं वाटतं, तर तो कापणाराही टिकायला हवा ना?

तुमच्या घरचा ओटा कशाचा आहे, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!