दोर धरा, तोफ निघाली!

चपला काढा. या चिखलात त्या तशाही पायात राहायच्या नाहीत.

साल १९१५, पहिलं महायुद्ध पेटलंय. तुम्ही जर्मन पूर्व आफ्रिकेत, रुफिजी नदीच्या मुखाशी उभे आहात. खारफुटीच्या गाळाला कुजक्या अंड्यांचा वास मारतोय, सदरा पाठीला चिकटलाय, कानाशी डासांची भुणभुण. समोर पाण्यात पडलेलं ते जळकं धूड म्हणजे जर्मनांची ‘क्योनिग्सबेर्ग’ युद्धनौका. जुलैत इंग्रजांनी तिला तोफांनी भाजून काढलं आणि तिला बुडवायचं उरलेलं काम तिच्याच कप्तानानं, लूफनं, उरकलं. जहाज गेलं, पण त्याच्या दहा तोफा सोडून कशा द्यायच्या?

म्हणून तुमच्या हातात हा दोर.

धरा घट्ट. १०.५ सेंटिमीटर तोंडाची ही तोफ. नुसती नळीच चार मीटरहून लांब. पुढे-मागे शेकडो पगाझी, म्हणजे हमाल. घामाचा, लाकडाच्या धुराचा, चिखलाचा वास. एक जण गाण्याची ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. आपले कोळी होडी ओढताना घेतात तसाच ठेका. शब्द कळले नाहीत तरी चालेल. ठेका मात्र चुकवू नका, मागचा अंगावर येतो. मध्येच सगळे खो खो हसतात, तेव्हा खुशाल समजा, साहेबाचा उद्धार चाललाय.

बैल का नाही जुंपले? त्सेत्से माशी. या पट्ट्यात बैल टिकत नाही, माणसं टिकतात असा साहेबाचा हिशोब.

दुपारी उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तोडा, बोटांनी वळा, गिळा. ताप आला तर झाडाच्या सालीचा काढा आहे. इतका जहर कडू की गोऱ्यांनी त्याला सेनापती लेटोचं नाव ठेवलंय. तो तुमच्यापर्यंत पोचेल, या भरवशावर मात्र आजारी पडू नका.

अखेर दार-ए-सलाम! रस्त्यावर कच्छी, गुजराती दुकानदारांच्या हाका. जरा हायसं वाटतं. पण तोफ वळते रेल्वेच्या कारखान्याकडे. आत कोळशाची धग, घणांचा ठणठणाट. जहाजावर डेकला जखडून बसलेल्या या बाईसाहेबांना इथं गाडा आणि चाकं मिळणार.

तुम्ही सावलीत टेकता, तळहाताचे फोड मोजता. सुटलो एकदाचे!

कसले सुटताय? आता तिला चाकं आहेत, म्हणजे ती डोंगरात, झाडीत, कुठंही नेता येणार. मुकादम नवा दोर घेऊन तुमच्याकडेच येतोय.