दिसू लागले म्हणजे भरून आले का?

चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले, कबड्डी, कुस्ती, ज्यूदो खेळणाऱ्या मुली या शस्त्रक्रियेची चौकशी करतात आणि ओळखीच्या विज्ञान शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : ऑपरेशननंतर मैदानात कधी उतरता येईल? एखाद्या विशिष्ट डोळ्यापुरते उत्तर नेत्रतज्ज्ञच देऊ शकतात. परंतु त्या उत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. लेसरच्या झगमगाटात त्यातली एक साधी गोष्ट झाकली जाते. ती म्हणजे, स्पष्ट दिसू लागणे आणि जखम भरून येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. हा फरक वैद्यकाला कसा कळत गेला, ते आपण पाहू.

अर्धा मिलिमीटर जाडीची खिडकी

डोळ्यातील भिंगच प्रतिमा तयार करते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४० हून अधिक डायॉप्टर शक्ती पुढच्या पारदर्शक पारपटलाची असते. कारण हवेतून आलेला प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो याच वक्र पृष्ठभागावर. निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल थोडा लांब असतो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. पारपटल मध्यभागी जरासे सपाट केले, तर प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते. सर्व शस्त्रक्रियांचे तत्त्व एवढेच.

हे पारपटल मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन जाडीचे असते. बाहेरून सुमारे ५० मायक्रॉनचा अभिस्तर, त्याखाली कोलॅजेन तंतूंच्या शेकडो थरांचा मुख्य भाग आणि अगदी आत एकेरी पेशींचा अंतःस्तर. हा अंतःस्तर पंपासारखा काम करतो. पारपटलात शिरणारे पाणी तो सतत बाहेर काढतो, म्हणून ते पारदर्शक राहते. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून मिळतो. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून ते पारदर्शक आहे आणि रक्तवाहिन्या नाहीत म्हणूनच त्याच्या जखमा फार सावकाश भरतात. पुढचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावला आहे.

चिरांचा काळ

पारपटलाला चिरा देऊन त्याचा आकार बदलता येईल, ही कल्पना हॉलंडमधील लान्स यांनी १८९८ मध्ये सशांवरील प्रयोगांतून मांडली. माणसांवर तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला तो जपानचे त्सुतोमु सातो यांनी, १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून. त्यांनी पारपटलाला पुढून आणि आतून, अशा दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या. नंबर कमी झाला, रुग्ण समाधानाने घरी गेले. परंतु आतल्या चिरांनी अंतःस्तराच्या पेशी नष्ट झाल्या होत्या. माणसात या पेशी पुन्हा वाढत नाहीत आणि त्यांचे महत्त्व तेव्हा कोणाला पुरेसे ठाऊक नव्हते. उरलेल्या पेशींनी कित्येक वर्षे भार वाहिला, मग पंप थकला. शस्त्रक्रियेनंतर साधारण वीस वर्षांनी अनेक रुग्णांची पारपटले पाण्याने फुगून धूसर झाली.

या अनुभवानंतर आतल्या चिरा बंद झाल्या. १९७० च्या दशकात मॉस्कोतील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. मधला भाग सोडून कडेच्या भागात खोल चिरा दिल्या की कड दुबळी होऊन बाहेर फुगते आणि मध्य सपाट होतो. १९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोचली आणि झपाट्याने पसरली.

तिची पद्धतशीर तपासणी १९८२ पासून अमेरिकेतील काही केंद्रांनी मिळून केली. दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक दूरदृष्टितेकडे सरकले होते. म्हणजे दहा वर्षांनीही चिरा पूर्णपणे स्थिरावल्या नव्हत्या. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर गेलेले अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. विरळ हवेत त्यांची दृष्टी इतकी मंदावली की शिखराच्या अलीकडेच त्यांना थांबावे लागले. प्राणवायू कमी पडला की पारपटल फुगते आणि चिरा दिलेले पारपटल आकार बदलते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून गंभीर बाब अशी की, शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी डोळ्यावर जोराचा फटका बसून जुन्या चिराच उकलल्याच्या नोंदी झाल्या. जखम वरून मिटली होती, पण सांधली गेली नव्हती.

टर्की, केस आणि अतिनील किरण

दरम्यान दुसरा एक विचार कोलंबियातील बोगोटा शहरात वाढत होता. मूळचे बार्सिलोनाचे होसे इग्नासिओ बाराकेर यांनी १९४९ मध्ये अशी कल्पना मांडली की, पारपटलाचा पातळ काप काढावा, त्याला हवा तो आकार द्यावा आणि तो पुन्हा जागेवर बसवावा. त्यासाठी त्यांनी सूक्ष्म रंध्यासारखे यंत्र तयार केले. काढलेला काप गोठवून तो ते लेथवर घडवीत आणि मग टाक्यांनी शिवत. कल्पना उत्तम होती, पण गोठवलेल्या पेशी मरत आणि हे कसब फार थोड्यांना साधे.

हवे होते ते उष्णता न देता, एका मायक्रॉनहून कमी जाडीचा थर काढणारे हत्यार. ते मिळाले न्यूयॉर्कजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत. मद्रासमध्ये जन्मलेले व तेथेच पदवी घेतलेले रंगस्वामी श्रीनिवासन, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे तिघे एक्सायमर लेसरने प्लास्टिक कोरण्याचा अभ्यास करीत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी मेजवानीत उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडले. खाच स्वच्छ पडली आणि आजूबाजूला जळल्याची खूण नव्हती.

याचे कारण वर्गात गणिताने दाखवता येते. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. १९३ साठी ती सुमारे ६.४ येते. प्रथिनातील कार्बन-कार्बन किंवा कार्बन-नायट्रोजन बंध तोडण्यास याहून कमी ऊर्जा पुरते. त्यामुळे रेणूंचे तुकडे होऊन ते उडून जातात आणि उष्णताही बरोबर घेऊन जातात. एका स्पंदात सुमारे पाव मायक्रॉन थर निघतो. याच गटाने केसावर कोरलेल्या काटकोनी खाचांचे छायाचित्र पुढे फार गाजले. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल आणि श्रीनिवासन यांनी जनावरांच्या पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले.

किती थर काढावा लागतो याचे सूत्रही सोपे आहे. क्षेत्राच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग गुणिले डायॉप्टर, भागिले तीन, म्हणजे खोली मायक्रॉनमध्ये. सहा मिलिमीटर क्षेत्रात तीन डायॉप्टर घालवण्यासाठी ३६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास.

वरून की पापुद्र्याखालून?

आता प्रश्न उरला, हे कोरीवकाम कोठे करायचे? पहिली पद्धत म्हणजे वरचा अभिस्तर काढून थेट पृष्ठभागावर. तिला पीआरके म्हणतात. अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. यात अभिस्तर पुन्हा वाढेपर्यंत तीन ते पाच दिवस डोळा दुखतो आणि नजर पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

दुसरी पद्धत बाराकेर यांच्या कल्पनेतून आली. ग्रीसचे योआनिस पालिकारिस यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीत पारपटलाचा १०० ते १८० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा एका बाजूला जोडलेला ठेवून वहीच्या पानासारखा उलटतात, खालचा भाग लेसरने कोरतात आणि पापुद्रा परत ठेवतात. टाके नाहीत आणि वेदना थोड्या. दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसू लागते. ही लॅसिक. तिने जग जिंकले यात आश्चर्य नाही.

पण तो पापुद्रा चिकटतो कशाने? पहिल्या तासांत अंतःस्तराचा पंप पाणी ओढून त्याला जागेवर धरतो, नंतर कडेवरून अभिस्तर वाढतो. मधल्या भागात मात्र कापलेले कोलॅजेनचे थर पुन्हा एकमेकांत विणले जात नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लॅसिक झालेल्या व्यक्तींनी मरणोत्तर दान केलेल्या पारपटलांची मोजणी केली होती. त्यांतील काही शस्त्रक्रिया सहा वर्षांहून जुन्या होत्या. पापुद्र्याच्या कडेला मूळ बळकटीच्या सुमारे २८ टक्के बळकटी आढळली, मधल्या भागात अवघी २.४ टक्के.

येथे निसर्गाचा एक व्यवहार दिसतो. कडेला दाट तंतूंचा वण तयार होतो. तो मजबूत असतो, पण पांढुरका. मध्यभागी वण जवळजवळ होत नाही, म्हणून तेथून स्पष्ट दिसते आणि म्हणूनच तेथला सांधा दुबळा राहतो. मध्यभागीही त्वचेसारखा पक्का वण धरला असता, तर डोळा बळकट झाला असता आणि नजर गेली असती.

मैदानाची कसोटी

वर्गात दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब ठेवा. त्या सरळ ओढून वेगळ्या करणे कठीण जाते, परंतु एकीवरून दुसरी बोटाने सहज सरकते. ही उपमा पूर्ण लागू नाही, कारण डोळ्यात कडेचा वणही असतो. तरी बलाची दिशा का महत्त्वाची असते ते तीवरून समजते. सशांवरील प्रयोगांत, लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकताना बसणाऱ्या झटक्याइतक्या त्वरणातही पापुद्रे हलले नाहीत. याउलट खेळताना डोळ्यात गेलेले बोट, नख किंवा झाडाची फांदी कडेला तिरपी लागून पापुद्रा सरकल्याच्या नोंदी आहेत, काही तर शस्त्रक्रियेनंतर दहापेक्षा अधिक वर्षांनी. अशा घटना विरळ आहेत. वेळेवर पापुद्रा नीट बसवला तर नजर बहुधा परतही येते. पण कबड्डीच्या पकडीत किंवा कुस्तीत डोळ्याला होणारा स्पर्श नेमका याच प्रकारचा असतो.

अमेरिकी नौदलाने १९९३ पासून आपल्या जवानांवर पीआरकेचा अभ्यास सुरू केला. लॅसिक लोकप्रिय झाल्यावरही लष्करी नेत्रतज्ज्ञांनी बरीच वर्षे पृष्ठभागावरील पद्धतीला पसंती दिली, कारण जेथे पापुद्राच नाही तेथे सरकणार काय? अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांच्या खेळाडूंना आजही अनेक तज्ज्ञ हेच सुचवतात.

पुढे यंत्रे सुधारली. जेरार्ड मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये दाखवलेल्या, २०१८ मध्ये नोबेल मिळवलेल्या तंत्रामुळे फेम्टोसेकंद लेसर हाती आले. त्यांनी पापुद्र्याची कड उभी कापता येते, त्यामुळे तो चौकटीतल्या झाकणासारखा नीट बसतो. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या स्माईल पद्धतीत पापुद्राच नसतो. दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतला तुकडा ओढून काढतात. सातो यांच्या रुग्णांना वीस वर्षांनी काय झाले हे आठवले, तर नव्या पद्धतीलाही पुरेसा काळ जाऊ द्यावा लागतो हे पटेल.

विद्यार्थ्याला काय सांगावे?

पहिले म्हणजे, घाई नको. साधारणपणे अठरा वर्षे पूर्ण होऊन नंबर स्थिर झाल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करत नाहीत. दुसरे, आपण कोणता खेळ खेळतो हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे पद्धत निवडता येईल. तिसरे, लॅसिकनंतर काही दिवसांत धावणे सुरू होते, पोहणे दोन ते चार आठवड्यांनी, आणि धक्काबुक्कीचे खेळ साधारण महिनाभर तरी बंद ठेवण्यास सांगतात. नंतरही शक्य त्या खेळात पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा वापरावा. पीआरकेनंतर सुरुवातीचा काळ अधिक लांबतो आणि स्टेरॉइडचे थेंब चालू असेतो डोळ्यातील दाबही तपासावा लागतो. डोळ्याला मार लागून दुखू लागले किंवा अचानक धूसर दिसले, तर डोळा न चोळता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नंबर गेला तरी लांब नेत्रगोल लांबच राहतो आणि त्याचे ताणलेले दृष्टिपटलही तसेच राहते. मोठा नंबर असलेल्या खेळाडूला फटक्याने दृष्टिपटल फाटण्याचा धोका शस्त्रक्रियेपूर्वी होता तेवढाच नंतरही असतो. प्रकाशाचे लखलखाट, अचानक दिसू लागलेले काळे ठिपके किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे या खुणा चष्मा सुटलेल्यानेही विसरू नयेत.

तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की विद्यार्थ्याला वाटते, आपण बरे झालो. तक्ता प्रतिमेची परीक्षा घेतो, सांध्याची नाही. सांध्याची परीक्षा काळ घेतो आणि मैदानावर ती एखाद्या क्षणात होते. म्हणून मैदानात उतरण्याची तारीख तक्त्यावरून नव्हे, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.