कानोची गुरे आणि कानोची जमीन

उत्तर नायजेरियात गुराखी आणि शेतकरी यांच्यात रक्त सांडल्याच्या बातम्या वाचल्या की हे वैर मुळातलेच असावे असे वाटते. एकीकडे भटका फुलानी, दुसरीकडे जमिनीला धरून बसलेला हौसा शेतकरी आणि दोघांपासून अलिप्त असे तटबंदीआडचे शहर, ही मांडणी सोयीची आहे खरी, पण कानोच्या इतिहासात ती टिकत नाही. या शहराभोवतीची दाट वस्तीची जमीन पिढ्यानपिढ्या पडीक न ठेवता पिकत आली, ती खताच्या जोरावर. सुगी झाली की ज्वारी-बाजरीच्या ताटांवर फुलानींचे कळप उतरत. धसकटे त्यांना, शेण शेतकऱ्याला, असा हा व्यवहार होता. पावसाळ्यात उभ्या पिकांपासून दूर, मोकळ्या रानाकडे जाण्यासाठी गुरांच्या राखीव वाटा होत्या. त्यांना बुर्ताली म्हणत. शहरातला केरकचरा, राख आणि जनावरांचे खतही गाढवांवर लादून वेशीबाहेरच्या शेतांत जाई.

भांडणे होतच होती, असा आक्षेप कोणी घेईल. होत होती, पिकात घुसलेल्या गाईवरून तंटा न झालेला प्रदेश कुठे सापडेल? पण वाटा आखाव्या लागल्या, त्या वापरणाऱ्यांची रोजची ये-जा होती म्हणूनच. आणि राज्याला ही गुरे किती जवळची होती, हे जंगाली या गुरांवरील करातून दिसते. फुलानी धर्मोपदेशक उस्मान दान फोदिओने 1804 मध्ये हौसा राजांविरुद्ध जिहाद पुकारला, तेव्हा त्या राजवटींवरच्या त्याच्या आरोपांत हा करही होता. 1807 मध्ये कानो त्याच्या अनुयायांच्या हाती पडले, फुलानी अमीर गादीवर आले आणि जंगाली चालूच राहिली! 1903 मध्ये इंग्रज आले, त्यांनीही ती सोडली नाही. मोजणीच्या वेळी गुरे लपवण्याची कला कळपवाल्यांनी साऱ्याच राजवटींत जोपासली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडीने कळपच्या कळप झोपवले, तेव्हा दूध-मांसाबरोबर राज्याच्या उत्पन्नाचाही एक आधार गेला. शहर आणि गुरे एकमेकांना परकी असती, तर हे इतके जिव्हारी लागले नसते.

मग बिघडले केव्हा? दोष एकट्या लोकसंख्येवर टाकणे मला पटत नाही. दाट वस्ती आणि गुरे यांचे कानोभोवती दीर्घकाळ जमलेले होते. फरक पडला तो जमीन वर्षातून किती महिने मोकळी राहते यात. 1911 मध्ये रेल्वे आली, भुईमूग निर्यातीचे पीक झाला, लागवड पसरली आणि चराऊ कडा आखडल्या. 1965 च्या कायद्याने उत्तरेत चराऊ राखीव क्षेत्रे ठरवण्याची सोय झाली, पण जिथे इंचभर जमीन रिकामी नाही तिथे कायदा काय राखणार? त्यानंतर 1974 मध्ये तिगा धरण पूर्ण झाले आणि कानो नदीकाठी कालव्यांची शेती उभी राहिली. ज्या कोरड्या महिन्यांत कळपांना नदीकाठचे ओले गवत मिळे, त्याच महिन्यांत तिथे आता दुसरे पीक डोलते. इतर शेतांतील ताटे शेतकरी कापून घरी नेतो, दावणीच्या शेळ्यामेंढ्यांना घालतो किंवा बाजारात विकतो. पूर्वी शेणाच्या बदल्यात मिळणाऱ्या त्या वैरणीसाठी गुराख्याला आता रोख पैसे मोजावे लागतात.