येरवड्याची थट्टा

आमच्या राहुरीकडे पारावर कुणी वेगळं काही बोललं, की ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणून हसतात. त्या थट्टेमागे इतिहास आहे. १९१२ च्या, इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानुसार नातलगांचा अर्ज, डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम मिळाला, की माणसाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येई. त्याची संमती लागत नसे. हा कायदा १९९३ पर्यंत चालला.

इस्पितळाबाहेरही जुलूम होताच. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले. मुसलमान म्हणून मला हे बोललंच पाहिजे : दुवा मागायला आलेल्याला बांधून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही पिराने कुणाला दिलेला नाही.

पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये ‘बापू ट्रस्ट’ स्थापन केला. बापू हे त्यांच्या आईचं नाव. मनोरुग्णालयांत आईने जे सोसलं, ते लेकीने पाहिलं होतं. भूल न देता दिले जाणारे विजेचे झटके आणि सक्तीची कोंडणूक यांविरुद्ध त्या २०२४ मध्ये निधन होईपर्यंत बोलत राहिल्या.

२०१७ च्या कायद्याने साखळीवर आणि भुलीविना झटक्यांवर बंदी आणली. कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला. काही परिस्थितींत संमतीविना दाखल करण्याची वाट मात्र त्यातही आहे. म्हणून घरचं माणूस इस्पितळातून परतलं, की ‘डॉक्टर काय म्हणाले?’ याआधी ‘तुझ्याशी कसे वागले?’ हे विचारावं. आणि ते सांगेल ते खरं मानून ऐकावं.