लिलावानंतरची शिल्लक कोणाची?

रामटेकच्या गडावर आपण भोसल्यांची भक्ती पाहतो. आज त्यांच्या घरचा लिलाव पाहू. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं. हत्ती-घोडे सीताबर्डीवर विकले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. पैसा ‘भोसला फंडा’त, म्हणायला कुटुंबासाठी, पण ताबा सरकारचा.

आता १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम बघा. थकबाकीपायी जमीन विकली, तर खर्च आणि येणं वजा जाता उरलेली रक्कम मूळ मालकाची. सावकाराला ती हवी असेल, तर न्यायालयाचा हुकूम आणावा लागतो. म्हणजे काय? जमीन गेली तरी हक्क उरतो. तेव्हा शिल्लक मागणं म्हणजे याचना नव्हे, हिशेब आहे. तहसीलीत तो मागताना आपण संकोचू नये.