एका गुणाकाराने घडवलेली पिस्तुलं

मागच्या वेळी आपण नियमपुस्तिका, पेटंटं आणि मापनाची उपकरणं यांच्याकडे इतिहासाचं साधन म्हणून कसं बघायचं याबद्दल बोललो होतो. त्यावर दोघातिघांनी एखादं उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवायला सांगितलं. म्हणून आज मी माझ्या वाचनातलं थोडं विचित्र उदाहरण घेतोय: प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी आणि तिच्यातल्या 'डिव्हिजन' कशा तयार झाल्या.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे डोळ्यांसमोर येतात. तो ऑलिंपिक प्रकार. एका जागी उभं राहायचं, ठरलेलं अंतर, ठरलेलं लक्ष्य. प्रॅक्टिकल नेमबाजी वेगळी. यात कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, पळायचं, आडोशांमागून वेगवेगळ्या लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या आणि हे सगळं घड्याळ लावून. लागणारी काडतुसं 9 एमएम आणि त्याहून मोठी. भारतात 9 एमएम हा सामान्य परवानाधारकासाठी 'प्रोहिबिटेड बोअर' आहे, त्यामुळे हा खेळ आपल्या ओळखीचा नसणं साहजिक आहे.

सुरुवात 1950 च्या दशकातली, कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक या गावची. जेफ कूपर हे मरीन कोअरमधले माजी अधिकारी आणि त्यांची मित्रमंडळी तिथे 'लेदरस्लॅप' नावाच्या स्पर्धा भरवायची. नियम जवळपास नव्हतेच. हवं ते पिस्तूल आणा, हवं तसं धरा, जो आधी आणि अचूक मारेल तो जिंकला. त्या काळी पिस्तूल एका हाताने, कमरेपासून वगैरे चालवायची पद्धत होती. जॅक वीव्हर हे लॉस एंजेलिस काउंटीचे डेप्युटी शेरीफ मात्र रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणायचे आणि 1959 साली ते जिंकले. कूपरनी त्या पद्धतीचा अभ्यास केला, तिला 'वीव्हर स्टान्स' नाव दिलं आणि ती जगभर गेली. नियम नसण्याचा हा फायदा आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढे मी नियमांबद्दलच बोलणार आहे आणि सुरुवातीचे लोक भाबडे होते असं चित्र उभं राहायला नको. उपकरणं मोकळी सोडायची, स्पर्धेतूनच चांगलं काय ते ठरू द्यायचं, हा विचार त्यांनी जाणूनबुजून केला होता.

1976 साली मिसुरीतल्या कोलंबिया इथे परिषद भरली आणि इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन म्हणजे आयपीएससी स्थापन झाली. कूपर पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिनमधलं, तीन शब्दांचं. अर्थ अचूकता, ताकद, वेग. अचूकता लक्ष्यावरच्या भोकांवरून मोजता येते. वेगासाठी घड्याळ आहे. ताकद कशाने मोजायची? सगळी गंमत इथे आहे.

कूपर आणि मंडळींना .45 चं जड काडतूस हेच 'खरं' पिस्तुलाचं काडतूस वाटायचं. पण ते जोरात धक्का देतं. फक्त वेळ मोजली तर सगळे हलकी काडतुसं आणणार. म्हणून दोन वर्ग केले, 'मेजर' आणि 'मायनर'. मेजरवाल्याला लक्ष्याच्या मध्याबाहेर लागलेल्या गोळीचे जास्त गुण. मध्यावर (ए झोन) दोघांनाही 5. त्याच्या बाहेर सी झोनमध्ये मेजरला 4 आणि मायनरला 3. डी मध्ये 2 आणि 1. एकूण गुणांना सेकंदांनी भागायचं, तो 'हिट फॅक्टर'.

हे हिशेबात बघूया. समजा 12 गोळ्या, त्यांतल्या 8 ए, 3 सी, 1 डी, वेळ 6 सेकंद. मेजरचे गुण 54, मायनरचे 50. हिट फॅक्टर 9.00 आणि 8.33. मायनरवाल्याला बरोबरी करायला हेच काम साधारण 5.56 सेकंदांत करावं लागेल. म्हणजे जास्तीचा धक्का सोसण्याची किंमत नियमाने जवळपास 0.44 सेकंद ठरवली. धक्का कमी करून मेजरचे गुण मिळवता आले तर? पुढच्या वीस वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात आहे.

मेजर कोण हे 'पॉवर फॅक्टर'ने ठरतं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदमध्ये, भागिले 1000. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. 'पॉवर' शब्द बघून मी सुरुवातीला गतिज ऊर्जेचे तक्ते बनवले होते, चांगले पाच-सहा पानं! गाइडनी पान उलटून पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "एकक बघ." वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. ना पॉवर, ना ऊर्जा. फिजिक्समध्ये एमएस्सी करून ही चूक केली, त्यामुळे ती विसरणं शक्य नाही.

संवेगच का? सुरुवातीच्या काळात मैदानावर बॅलिस्टिक पेंड्युलम वापरायचे. बीएस्सीला आपण प्रॅक्टिकलला शिकतो तोच, बेंजामिन रॉबिन्स यांनी 1742 च्या ग्रंथात मांडलेला. गोळी लंबकात रुतते, लंबक किती झुलला यावरून संवेग कळतो. हाताशी असलेलं उपकरण जे मोजतं तेच नियमात 'ताकद' म्हणून बसलं, असं माझं मत आहे. दुसरी बाजूही आहे: हाताला बसणारा धक्का संवेगाशीच जास्त जुळतो, त्यामुळे निवड अगदीच चुकीची नव्हती. नंतर क्रोनोग्राफ आला, तरी गुणाकार तोच राहिला.

आता आकडेमोड. अमेरिकेत मेजरची मर्यादा बराच काळ 175 होती. 230 ग्रेनच्या .45 गोळीला त्यासाठी सुमारे 761 फूट प्रति सेकंद वेग पुरतो. 115 ग्रेनची, म्हणजे बरोब्बर अर्ध्या वजनाची गोळी घेतली तर वेग दुप्पट हवा, 1522. संवेग तोच. ऊर्जा मात्र दुप्पट: पहिलीची साधारण 400 ज्यूल, दुसरीची 800. ही ऊर्जा कुठून येणार? दारूतून. हलक्या गोळीमागे जास्त दारू लागते आणि जास्त दारू म्हणजे जास्त वायू.

आणि वायू तर हवाच होता! नळीच्या टोकाला 'कॉम्पेन्सेटर' बसवला की तो बाहेर पडणारा वायू वरच्या दिशेने सोडतो, त्याने पिस्तुलाचं तोंड खाली दाबलं जातं. वायू जेवढा जास्त तेवढं हे काम चांगलं. पॉवर फॅक्टरच्या सूत्रात गोळी आहे, वायू नाही. म्हणजे ज्या वायूमुळे धक्का वाढायचा, तोच वायू धक्का आवरायला लावता येत होता आणि गुण मेजरचेच मिळत होते. 1980 च्या दशकाच्या पहिल्या भागात रॉब लेदम आणि ब्रायन एनोस यांनी 1929 सालचं जुनं .38 सुपर काडतूस घेऊन हेच केलं. बारीक काडतूस असल्याने मॅगझिनमध्ये जास्त मावतात, हा वरचा फायदा. बघताबघता .45 मागे पडलं. ज्या सूत्राने .45 ला संरक्षण द्यायचं होतं, त्याच सूत्राच्या आधाराने!

हा फक्त चतुराईचा मामला नव्हता. .38 सुपरचं काडतूस एवढ्या दाबासाठी बनलेलं नव्हतं. त्या काळच्या पिस्तुलांत नळीच्या मागच्या तोंडाशी काडतुसाच्या बुडाचा थोडा भाग उघडा राहायचा. दाब वाढला की पितळ तिथेच फुटायचं आणि गरम वायू, पितळेचे कण तोंडावर यायचे. नेमबाजांनी त्याला 'सुपर फेस' असं नावही पाडलं होतं. पुढे बुडाला पूर्ण आधार देणाऱ्या नळ्या आल्या. 9 एमएमचं साधं काडतूस मेजरपर्यंत भरायला बराच काळ बंदी होती. नंतर ओपनमध्ये ती उठली. मेजरची मर्यादाही खाली आली, अमेरिकेत 165 वर, आयपीएससीच्या ओपनमध्ये 160 वर. या मर्यादा पुस्तिकेत नुसत्या आकड्यांसारख्या दिसतात. एक अंक खाली आणला की कोणाच्या तरी तोंडाजवळचा दाब कमी होतो, हे वाचताना लक्षात ठेवावं लागतं.

मग आल्या लाल ठिपक्याच्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणी. 1990 साली ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग केनिग अशी दुर्बीण लावून जिंकले. कॉम्पेन्सेटर, दुर्बीण, लांब मॅगझिन, सांगाड्यासारखं होल्स्टर, असं हे 'रेस गन' प्रकरण महागडं तर झालंच, पण ते कमरेला लावून कोणी रस्त्यावर फिरेल अशी कल्पनाही करता येईना. कूपर स्वतः नाराज होते, 'प्रॅक्टिकल' उरलं कुठे, असा त्यांचा सूर.

डिव्हिजनचा जन्म इथे होतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या यूएसपीएसए संघटनेने 'लिमिटेड' वेगळं काढलं: दुर्बीण नाही, कॉम्पेन्सेटर नाही, मेजरसाठी किमान .40 व्यास. आयपीएससीने 'स्टँडर्ड' आणलं आणि चक्क एक पेटी ठेवली, 225 × 150 × 45 मिलिमीटर. मॅगझिनसकट पिस्तूल त्यात मावलं पाहिजे. (ऑलिंपिकच्या 25 मीटर पिस्तुलालाही अशीच पेटी असते, 300 × 150 × 50. कोणी नेमबाज ओळखीचं असेल तर विचारा.) मधे 'मॉडिफाइड' नावाचा प्रकार होता, दुर्बीण-कॉम्पेन्सेटर लावा पण पेटीत बसवा. त्याकडे फार लोक वळले नाहीत, तो बंद झाला.

रेस गन हद्दपार केली नाही, हे लक्षात घ्या. तिला 'ओपन' नावाचं स्वतःचं घर दिलं. बंदी घालण्यापेक्षा वर्गीकरण करणं सोपं पडतं, कारण ज्यांनी पैसे घातलेत ते सोडून जात नाहीत. ज्यांना तेही पटलं नाही त्यांनी 1996 साली आयडीपीए ही वेगळी संघटना काढली, रोजच्या वापरातल्या पिस्तुलांसाठी. गंमत अशी की त्यांनीही लगेच डिव्हिजन पाडल्या आणि पेटी ठेवली.

पुस्तिका वाचताना एक सवय लावून घ्या. 'चालणार नाही' असं जिथे दिसेल तिथे विचारा, हे आधी कोणी केलं होतं? पण प्रत्येक कलमामागे खेळाडूच असतो असंही नाही. अमेरिकेतलं 'लिमिटेड 10' घ्या. 10 काडतुसांची मर्यादा खेळाच्या तर्कातून आलेली नाही. 1994 च्या केंद्रीय कायद्याने दहापेक्षा जास्त क्षमतेची नवी मॅगझिनं सामान्य नागरिकांना मिळणं बंद झालं, म्हणून नव्या खेळाडूंसाठी ती डिव्हिजन निघाली. कायदा 2004 मध्ये संपला, डिव्हिजन राहिली. खेळाच्या आतून स्पष्टीकरण शोधत बसलात तर हे सापडणार नाही.

दुसरा सापळा नावांचा. 'प्रॉडक्शन' आयपीएससीतही आहे, यूएसपीएसएतही आहे. दोन्हीकडे कारखान्यातून आलेली पिस्तुलं, दोन्हीकडे सगळे मायनर. पण आयपीएससीत 15 काडतुसं, अमेरिकेत कित्येक वर्षं 10. पाच गोळ्यांचा फरक म्हणजे मॅगझिन कुठे बदलायचं, पाय कुठे टाकायचे, सगळंच बदललं. दोन्हीकडचे निकाल एका तक्त्यात टाकून निष्कर्ष काढू नका.

प्रॉडक्शनचा हेतू होता दुकानातून घेतलेल्या साध्या पिस्तुलाने खेळता यावं. मग कारखान्यांनी काय केलं? दुकानातच स्पर्धेचं पिस्तूल आणलं. चेक प्रजासत्ताकातल्या सीझेड कंपनीचं शॅडो 2 बघा: पूर्ण पोलादी, रिकामं असताना साधारण 1.3 किलो, ग्लॉक 17 च्या दुप्पट. वजन जास्त म्हणजे धक्का कमी. सगळं नियमात. (शोधनिबंध मोजून गुण द्यायला लागल्यावर आपल्याकडे काय काय 'उत्पादन' सुरू झालं ते मी इथे लिहीत नाही, एपीआयचे तक्ते भरलेल्या सीनियरना विचारा.)

आणि 2010 च्या दशकात लाल ठिपका परत आला. 1990 मध्ये ज्याच्यामुळे घर फुटलं, तीच दुर्बीण आता आकाराने लहान झाली होती, पोलिसांच्या आणि सैन्याच्या पिस्तुलांवर बसायला लागली होती. यूएसपीएसएने 'कॅरी ऑप्टिक्स' काढलं, आयपीएससीने 'प्रॉडक्शन ऑप्टिक्स'. दोन्ही मायनर, म्हणजे तिथे पॉवर फॅक्टर 125 ओलांडला की पुरे, त्यापुढे ताकदीला काहीच बक्षीस नाही. कूपरच्या तीन शब्दांतला मधला शब्द तिथे फक्त किमान अटीपुरता उरलाय. यावर संघटनेच्या आत काय वाद झाले हे मी सध्या वर्षवार पुस्तिका समोर ठेवून, कलमाकलमाने जुळवत बसलोय. कॉम्पेन्सेटरचं कलम कधी आणि कुठे हललं, तिथपर्यंत पोहोचलो की पुढचा भाग लिहितो.