आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह : गरोदरपणात ब्लड ग्रुपचं महत्त्व काय?

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत आईचा ब्लड ग्रुप बघितला जातो. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ दिसलं की काही घरांत घबराट होते. काही घरांत उलट होतं. ‘पहिलं मूल तर ठणठणीत झालं, आता कशाची काळजी?’ म्हणत तो कागद बाजूला पडतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. निगेटिव्ह ग्रुप हा आजार नाही. पण आईचं रक्त निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असेल, तर ठरलेल्या वेळी एक इंजेक्शन घ्यावं लागतं. ते राहून गेलं तर त्रास बहुतेक वेळा त्या बाळाला होत नाही, त्याच्या पाठच्या भावंडाला होतो.

आरएच म्हणजे काय?

ए, बी, एबी आणि ओ हे चार ग्रुप सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्यापुढे लिहिलेलं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह हे ‘आरएच’बद्दल असतं. लाल रक्तपेशींवर ‘डी’ नावाचा घटक असेल तर माणूस पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी १९४० मध्ये हा घटक जगापुढे मांडला. त्यांचे प्रयोग ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या रक्तावर होते, त्यावरून आरएच हे नाव पडलं. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १५ टक्के लोक निगेटिव्ह असतात. भारतात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे.

प्रश्न कधी येतो?

आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हाच. समजा, आई ओ निगेटिव्ह आणि वडील बी पॉझिटिव्ह आहेत. बाळाने वडिलांकडून ‘डी’ घटक घेतला तर ते पॉझिटिव्ह होणार. आई-वडील दोघेही निगेटिव्ह असतील तर बाळही निगेटिव्ह असतं आणि आरएचचा प्रश्न येत नाही. आई पॉझिटिव्ह असेल तर वडिलांचा ग्रुप कोणताही असो, या कारणाने काळजी नको. म्हणून आई निगेटिव्ह निघाली की नवऱ्यानेही आपला ग्रुप लगेच तपासून घ्यावा.

पहिलं बाळ का वाचतं?

पोटात असताना आई आणि बाळ यांचं रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही, मध्ये वार असते. पण बाळंतपणात वार सुटते तेव्हा बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईच्या शरीराला हा ‘डी’ घटक परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू लागतं. याला काही आठवडे लागतात. तोवर पहिलं बाळ जन्मून मोकळं झालेलं असतं.

या अँटीबॉडी मात्र आईच्या शरीरात कायम राहतात. पुढच्या वेळी बाळ पॉझिटिव्ह असेल तर त्या वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. बाळाचं रक्त कमी होतं, अंगावर सूज येते, जन्मल्यावर कावीळ झपाट्याने वाढते. फार गंभीर झालं तर बाळ पोटातच दगावतं. कावीळ मेंदूपर्यंत पोचली तर कायमचं अपंगत्व किंवा बहिरेपण येऊ शकतं. आईला मात्र या सगळ्याचा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून ‘मला तर बरं वाटतंय’ यावर विसंबून चालत नाही.

अँटी-डी इंजेक्शन

यावरचा उपाय १९६८ मध्ये बाजारात आला. अँटी-डी इंजेक्शन आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशी लगेच निकामी करतं, त्यामुळे आईच्या शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी बनवायची वेळच येत नाही. हे औषध प्रामुख्याने मानवी रक्तातल्या प्लाझ्मापासून बनत आलंय. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात १,१७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला. त्यातून बनलेल्या इंजेक्शनांचा सुमारे २४ लाख बाळांना लाभ झाल्याचं सांगितलं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

इंजेक्शन न घेतल्यास अशा शंभर मातांपैकी साधारण १६ जणींच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर वेळेवर घेतल्यास हा आकडा दोनच्या खाली येतो. गरोदरपणातही घेतल्यास तो आणखी घटतो.

कधी घ्यायचं?

– आधी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, म्हणजे आयसीटी करतात. अँटीबॉडी अजून तयार झालेल्या नाहीत ना, हे त्यात कळतं.
– टेस्ट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास एक डोस, सहसा ३०० मायक्रोग्रॅमचा.
– बाळ जन्मल्यावर त्याचा ग्रुप तपासतात. पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत दुसरा डोस.
– पोटावर मार बसला, मध्येच रक्तस्राव झाला, गर्भ नळीत राहिला किंवा गर्भपात झाला, तरी डॉक्टरांना ‘मी निगेटिव्ह आहे’ हे न विचारता सांगा. १२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपातानंतर या इंजेक्शनची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचना म्हणतात. पण अनेक डॉक्टर तेव्हाही ते देतात. आपल्या बाबतीत निर्णय डॉक्टरांवर सोडा. त्यानंतरचा गर्भपात असेल तर इंजेक्शन टाळू नका.

७२ तास उलटून गेले तरी हताश होऊ नका, लगेच दवाखाना गाठा. उशिरा दिलेल्या डोसचाही काही फायदा होतो. प्रत्येक गरोदरपणात हे सगळं नव्याने करावं लागतं. मागच्या वेळचं इंजेक्शन या वेळी कामाला येत नाही.

अँटीबॉडी आधीच तयार झाल्या असतील तर?

मग अँटी-डीचा उपयोग नसतो, पण मार्ग बंद होत नाही. आईच्या रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण वारंवार मोजतात. बाळाचं रक्त कमी होतंय का, हे डॉपलर सोनोग्राफीत कळतं. गरज पडल्यास मोठ्या केंद्रांत पोटातल्या बाळालाच रक्त चढवतात. जन्मल्यावर निळ्या दिव्याखाली ठेवणं किंवा रक्त बदलणं हे उपचार असतात. अशा मातेचं बाळंतपण घरी किंवा छोट्या दवाखान्यात करू नये.

ओ ग्रुपच्या आईचं काय?

आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तरीही बाळाला कावीळ होऊ शकते, पहिल्या बाळालासुद्धा. हा प्रकार बहुतेक वेळा सौम्य असतो आणि त्यासाठी आईला इंजेक्शन नसतं. लक्षात ठेवायची खूण एकच : जन्मानंतर पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर तो धोका समजावा. दुआ जरूर करा, पण कोवळं ऊन, गळ्यात माळ किंवा कावीळ उतरवणं यात वेळ घालवू नका. बाळाला तडक डॉक्टरांकडे न्या. आईचं दूध चालू ठेवावं, त्यातून बाळाला अपाय होत नाही.

काही गैरसमज

‘नवरा-बायकोचा ग्रुप एकच असेल तर मूल अधू होतं’ हे खोटं आहे. ग्रुप सारखा असल्याने काही बिघडत नाही. मामे-चुलत नात्यातल्या लग्नामुळे आरएचचा त्रास वाढतो, हेही खरं नाही. नात्यातल्या लग्नात थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, तो मुद्दा वेगळा आणि त्याची तपासणीही वेगळी. आणि मुलगी निगेटिव्ह आहे म्हणून ठरलेला निकाह मोडणं हा तर सरळ अन्याय आहे. एका इंजेक्शनने टळणारी ही गोष्ट आहे.

कागद कुठे आहे?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, दुसरं सासरी. पहिल्या वेळची फाइल माहेरच्या कपाटात राहते आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी ‘तेव्हा इंजेक्शन घेतलं होतं का?’ विचारलं की कुणालाच आठवत नाही. म्हणून ब्लड ग्रुप, इंजेक्शनची तारीख आणि आधी झालेला प्रत्येक गर्भपात आशाताईंकडून मिळणाऱ्या माता-बाल कार्डावर लिहून घ्या. त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि अम्मीच्या मोबाइलमध्येही ठेवा. सरकारी दवाखान्यात ब्लड ग्रुपची तपासणी मोफत होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. अँटी-डी उपलब्ध आहे का, हे मात्र बाळंतपणाच्या आधीच विचारून ठेवा. ७२ तासांची मुदत बाळ जन्मताच सुरू होते.